जुन्या डेस्कटॉपपासून जिनिंगच्या वजनकाट्यापर्यंत : केबल आणि पोर्ट यांविषयीची चर्चा

पांदणवाट
यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये संगणक जोडून देण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो. "यंत्र बंद पडले" असा निरोप येतो, तेव्हा पुष्कळदा यंत्र धडधाकट असते आणि दोष दोन यंत्रांच्या मधल्या केबलमध्ये, नाहीतर ती जिथे खोचली आहे त्या पोर्टमध्ये असतो. शहरात चुकीची केबल आणली तर ती संध्याकाळी बदलता येते. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात असेल ते घ्यावे लागते, आणि ते जुळले नाही तर कोणी नागपूरला सीताबर्डीवर जाईपर्यंत संगणकावर फडके टाकून ठेवावे लागते. केबल विकत घेण्याआधी काय पाहावे, याची चर्चा एका ठिकाणी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

टोक पोर्टमध्ये बसले म्हणजे केबल जुळली असे समजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. तिच्यातून कोणत्या प्रकारचा संकेत जातो, तो कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे जातो आणि दोन्ही बाजूंच्या यंत्रांना अर्थिंग आहे का, या गोष्टी आकारापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

सुरुवात पडद्याच्या केबलपासून करतो, कारण सर्वांत जास्त पैसे तिथे वाया जातात. निळ्या टोकाची, दोन्ही बाजूंना स्क्रू आणि तीन ओळींत १५ पिना असलेली व्हीजीए केबल आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पद्धतीची आहे. तिच्यातून लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे संकेत अ‍ॅनालॉग स्वरूपात, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातात. एचडीएमआय (पहिले मानक २००२, पिना १९) आणि डिस्प्लेपोर्ट (२००६, पिना २०) यांच्यातून चित्र अंकांच्या रूपात जाते. त्यामुळे व्हीजीए आणि एचडीएमआय यांच्यामध्ये नुसत्या तारा जोडून काम होतच नाही; मध्ये संकेत बदलणारी चिप लागते आणि ती चिप एकाच दिशेने काम करते. जुना डेस्कटॉप नव्या टीव्हीला जोडायचा असेल तर "व्हीजीए टू एचडीएमआय" कनव्हर्टर हवा, आणि नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडायचा असेल तर "एचडीएमआय टू व्हीजीए". दोन्ही दिसायला सारखे असतात आणि दुकानदार पुष्कळदा हाताला लागेल तो देतो. पहिल्या प्रकाराला विजेसाठी एक बारीक यूएसबी शेपूट आणि आवाजासाठी ३.५ मिमीची वायर असते, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही. दुसऱ्या प्रकाराला एचडीएमआयच्या १८ क्रमांकाच्या पिनेवरील ५ व्होल्ट बहुतेक वेळा पुरतात.

डीव्हीआय या पडद्याच्या आणखी एका पोर्टचे मात्र वेगळे आहे. डीव्हीआय-डी (फक्त अंकांच्या रूपात चित्र देणारा त्याचा प्रकार) आणि एचडीएमआय यांचा चित्राचा संकेत विद्युतदृष्ट्या एकच असल्याने त्यांच्यामधली साधी, चिप नसलेली केबल दोन्ही दिशांनी चालते. आवाजाची सोय तेवढी वेगळी ठेवावी.

खडूफळा
धागा उपयोगी आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका कार्यालयातून निघालेले, वापरलेले पण चांगल्या स्थितीतले डेस्कटॉप देणगी म्हणून मिळाले आहेत. त्यांच्या मागे व्हीजीए आहे आणि त्याच्या शेजारी एचडीएमआयसारखेच, पण एक कोपरा कापलेले पोर्ट आहे. वर्गातल्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे, म्हणून त्या पोर्टपासून टीव्हीच्या एचडीएमआयपर्यंत जाणारी केबल आणली आहे. याशिवाय एका शिक्षकांनी आपला लॅपटॉप त्याच केबलने उलट बाजूने, म्हणजे लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून देणगीत आलेल्या मॉनिटरच्या त्या कापलेल्या कोपऱ्याच्या पोर्टमध्ये जोडून पाहिला, तेव्हा पडदा काळाच राहिला. केबल तर नवी आहे.

पांदणवाट
मॅडम, ते कापलेल्या कोपऱ्याचे पोर्ट डिस्प्लेपोर्ट आहे. कार्यालयांतून निघालेल्या डेस्कटॉपमध्ये ते हमखास सापडते. बहुतेक डेस्कटॉपचे डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयच्या पद्धतीचा संकेतही देऊ शकते. तशी सोय असल्यास पोर्टजवळ 'डीपी' या खुणेला जोडून दोन अधिकची चिन्हे दिसतात. अशा पोर्टमधून टीव्हीकडे जाण्यासाठी साधी स्वस्त "डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय" केबल पुरते. उलट दिशेने ती चालत नाही, कारण एचडीएमआयचे पोर्ट डिस्प्लेपोर्टच्या पद्धतीचा संकेत देऊ शकत नाही. त्यासाठी यूएसबीतून वीज घेणारा वेगळा कनव्हर्टर लागतो. त्यामुळे केबल बदलून मागण्याची गरज नाही, ती निर्दोष आहे.

एक सूचना मुलांसाठी. डिस्प्लेपोर्टच्या पुष्कळ केबलींना टोकावर दाबायची कळ आणि आत दोन लहान आकडे असतात. कळ न दाबता केबल ओढली तर पोर्ट बोर्डावरून उखडते आणि ते पुन्हा बसवण्याचे काम तालुक्याला सहसा होत नाही.

टीव्हीसाठी सोनेरी टोकाची महाग केबल घेऊ नये. दुकानदार ४८ गिगाबिटची केबल दाखवतील, ती एचडीएमआय २.१ या मानकाची असते; १०८० रेषांच्या टीव्हीला तिचा काही लाभ नाही. लांबी मात्र जपून ठरवावी. व्हीजीए लांब झाली की अक्षरांच्या मागे सावली दिसू लागते आणि चित्र हळूहळू बिघडते. एचडीएमआय लांब झाली की चित्र एकतर स्वच्छ दिसते, नाहीतर ठिपके येतात, मध्येच पडदा काळा होतो. दहा मीटरच्या आत भागले तर उत्तम.

सेवाकेंद्र
आमच्या आपले सरकार सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र दिवसातून अनेकदा "जोडलेले नाही" असे दाखवते. शेतकरी केवायसीसाठी रांगेत उभे असतात, कामगारांची बोटे आधीच घासलेली असल्याने ठसा दोन-तीन वेळा द्यावा लागतो, आणि त्यातच यंत्र नाहीसे होते. यंत्र तपासून घेतले, ते ठीक आहे. टेबलाच्या या बाजूला ते यावे म्हणून यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावली आहे. त्याच संगणकावर वायरलेस माउसही अडखळतो.

पांदणवाट
ताई, यंत्र सध्या सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावलेले असणार असा माझा अंदाज आहे. मागची यूएसबी पोर्टे थेट मदरबोर्डवर झाळलेली असतात, तर पुढची पोर्टे कॅबिनेटच्या आतून एका बारीक वायरने मदरबोर्डच्या पिनांवर खोचलेली असतात. ती वायर जुनी झाली, पिनांवर धूळ बसली की व्होल्टेज कमी पडते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळायला हवी आणि केबलची कमाल लांबी ५ मीटर धरतात, पण ही मापे चांगल्या जाडीच्या तारांची आहेत. बाजारातील स्वस्त एक्स्टेन्शनमधल्या तारा इतक्या बारीक असतात की दीड मीटरमध्येही यंत्र गुदमरते. एक्स्टेन्शन काढून यंत्र मागच्या पोर्टला लावून पाहावे. टेबलाची अडचण असेल तर सीपीयूच हलवावा. शिवाय विंडोजच्या ऊर्जा-बचतीच्या सेटिंगमध्ये यूएसबी पोर्ट झोपी घालण्याची सोय असते, ती बंद करावी.

माउसचे कारण वेगळे आहे. आत निळे प्लास्टिक असलेली यूएसबी ३.० ची पोर्टे (मानक २००८, वेग ५ गिगाबिट) काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतो. माउसचा छोटा रिसीव्हर काळ्या, म्हणजे २.० च्या पोर्टला, पेन ड्राइव्हपासून दूर लावला की अडखळणे बहुधा थांबते.

तिफण
हे सारे वाद आता जुने होत आहेत असे माझे मत आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचे केले, आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक स्वीकारले आहे. यूएसबी तयार करणाऱ्या चमूतले अजय भट्ट मूळचे आपल्या शेजारच्या गुजरातेतले, बडोद्याचे; १९९६ मध्ये पहिले मानक आले तेव्हा माउस, प्रिंटर आणि मोडेम यांची निरनिराळी टोके जाऊन एकच टोक यावे हाच उद्देश होता. टाइप-सीने तो पूर्ण केला. उलटे-सुलटे कसेही खोचा, चालते. दुकानदाराकडे एकच केबल मागायची, इतके सोपे झाले आहे.

पांदणवाट
भाऊ, टोक एक झाले हे खरे, पण आतला माल एक झालेला नाही. टाइप-सीच्या टोकात २४ पिना असतात, आणि मोबाइलसोबत येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये त्यांपैकी विजेच्या आणि यूएसबी २.० च्या, म्हणजे ४८० मेगाबिटच्या तारांपुरतीच जोडणी असते. तिच्यावर लॅपटॉपचे चित्र टीव्हीवर जात नाही. चित्रासाठी केबलमध्ये जलद संकेताच्या जोड्या हव्यात आणि लॅपटॉपच्या त्या पोर्टला डिस्प्लेपोर्टचा संकेत देण्याची सोयही हवी. एकाच लॅपटॉपवर शेजारी असलेल्या दोन टाइप-सी पोर्टांपैकी एकाला ती असते आणि दुसऱ्याला नसते, असे सर्रास आढळते. चार्जिंगचेही तेच आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटपर्यंत चालते. त्याहून जास्त, ५ अँपिअर आणि २०२१ च्या सुधारणेनंतर २४० वॉटपर्यंत वीज घ्यायची तर केबलच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर चार्जर आपणहून हात आखडतो आणि लॅपटॉप "हळू चार्ज होत आहे" अशी सूचना देतो. तेव्हा दुकानात केबल मागताना तिचा वेग आणि वॉट दोन्ही विचारावे लागतात. जुन्या दिवसांत चुकीची केबल निदान पोर्टमध्ये बसत नसे.

तिफण
आपला मुद्दा तांत्रिकदृष्ट्या मान्य आहे, तरी घरातल्या चार जणांचे मोबाइल एका चार्जरवर चालतात हा लाभ खेड्यात लहान नाही, विशेषतः रात्रीची लाइन जाण्याची वेळ ठरलेली नसते तेव्हा. त्याबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे.

काटापट्टी
मी हिंगणघाटच्या बाजूच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की गेटबाहेर गाड्यांची रांग लागते आणि काटा थांबला तर सगळेच थांबते. काट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यातून, ९ पिनांची केबल संगणकात जात होती. नव्या संगणकाला ते पोर्टच नाही. मालकांनी यूएसबीचा कनव्हर्टर आणून दिला, पण सॉफ्टवेअरमध्ये वजन कधी येते, कधी येत नाही. शिवाय डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही जुना आहे. तीन प्रतींची पावती लागत असल्याने तो बदलता येत नाही.

पांदणवाट
आपल्याकडचे ते पोर्ट आरएस-२३२ पद्धतीचे सीरियल पोर्ट आहे. (व्हीजीएचे टोक नेमके याच मापाच्या कवचात असते, फक्त आत ९ ऐवजी १५ पिना असतात. घाईत चुकीच्या पोर्टात केबल रेटून पिना वाकवल्याचे प्रकार होतात, म्हणून केबलवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी.) ही पद्धत १९६० पासूनची आहे, तरीही वजनकाट्यांनी ती सोडलेली नाही, आणि त्यामागे कारण आहे. काट्याला दर सेकंदाला काही अक्षरेच पाठवायची असतात, आणि संकेत ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान धन-ऋण फिरत असल्याने मोटारींच्या गोंगाटातही पंधरा मीटरपर्यंत तो टिकतो. यूएसबी तेवढ्या अंतरावर केव्हाच गळपटली असती. त्यामुळे लांबी वाढवायची तर सीरियलची वाढवावी आणि कनव्हर्टर अगदी संगणकाजवळ ठेवावा.

वजन पाठवण्यापुरते पाहिले तर नऊपैकी दोनच तारा कामाच्या असतात. संगणकाच्या पोर्टवर २ क्रमांकाची पिन ऐकते, ३ क्रमांकाची बोलते आणि ५ क्रमांकाची दोघांमध्ये समाईक ग्राउंड असते. इंडिकेटरची बोलणारी पिन संगणकाच्या २ वर आणि ग्राउंड ५ वर पोहोचले की झाले. काही इंडिकेटरांत २ आणि ३ उलटे असतात, तेव्हा त्या अदलाबदल करणारी केबल लागते. त्यानंतर बॉड रेट, म्हणजे २४०० किंवा ९६०० असा वेग, इंडिकेटर आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच असायला हवा. तो चुकला तर वजनाऐवजी वेडीवाकडी चिन्हे येतात.

आपल्या तक्रारीत वजन "कधी येते, कधी येत नाही" असे आहे, म्हणजे तारा आणि वेग ठीक आहेत. मला संशय येतो तो कॉम क्रमांकाचा, म्हणजे विंडोज सीरियल पोर्टला देते त्या क्रमांकाचा. कनव्हर्टर आज एका यूएसबी पोर्टला आणि उद्या झाडलोट झाल्यावर दुसऱ्या पोर्टला लागला की विंडोज पुष्कळदा त्याला नवा क्रमांक देते, आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्याच क्रमांकावर वजनाची वाट पाहत बसते. एक पोर्ट कायमचे ठरवून त्यावर खूण करावी. कनव्हर्टर कधीच ओळखला गेला नसता तर मी आतली चिप पाहायला सांगितले असते, कारण काही जुन्या चिपांना आणि त्यांच्या नकलांना विंडोजचे नवे ड्रायव्हर नाकारतात.

प्रिंटरसाठी २५ पिनांच्या पॅरलल पोर्टचे स्वतंत्र कार्ड मदरबोर्डवर बसवून घ्यावे. यूएसबी ते पॅरलल केबल स्वस्त असली तरी जुने डॉसचे सॉफ्टवेअर एलपीटी-१ या नावाच्या पोर्टावरच पावती पाठवते आणि ती केबल तसे पोर्ट तयार करत नाही. रुईचा भुगा पोर्टात जाऊ नये म्हणून रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या लावाव्यात. आमच्या भागात उन्हाळ्यात कुंभारमाशी उघड्या भोकांत मातीचे घर करते, तिलाही त्याच टोप्या आडव्या येतात.

वायरमन
वर अर्थिंगचा नुसता उल्लेख आला आहे, पण माझ्या मते धाग्याचा मुख्य विषय तोच असायला हवा. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे जाणारे लहान कॅपॅसिटर असतात. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन खरोखर जमिनीला जोडलेली असेल तर त्यातून झिरपणारी वीज निघून जाते. ती नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्यावर तरंगते. अनवाणी माणसाने हात लावला की मुंग्या येतात, त्या याच. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस दुर्लक्ष करतो, पण अशा दोन यंत्रांमध्ये, किंवा असे एक यंत्र आणि केबलच्या डिशमुळे जमिनीला लागलेला टीव्ही यांच्यामध्ये, चालू स्थितीत एचडीएमआय किंवा सीरियल केबल खोचली की तो फरक संकेताच्या बारीक पिनांमधून वाट काढू शकतो आणि पोर्ट कायमचे जाते. मग दोष केबलला दिला जातो.

आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग चांगले लागते. चैत्र-वैशाखात तीच जमीन भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरवर लावणे तर बंदच करावे. कोणतीही केबल जोडताना दोन्ही यंत्रे नुसती बंद न करता त्यांचे प्लगही काढावेत.

पांदणवाट
वायरमन भाऊ, पूर्ण सहमत. बिनअर्थिंगच्या यंत्रांमध्ये हेडफोनचा ३.५ मिमी जॅकही धोक्याचा ठरतो, कारण खोचताना त्याचे संकेताचे टोक ग्राउंडच्या आधी आत टेकते.

टॉवरखाली
छतावरच्या छोट्या डिशने इंटरनेट घेणाऱ्यांसाठी एक भर घालतो. डिशला वीज आणि माहिती एकाच लॅन केबलमधून जाते, आणि त्यासाठी खाली एक काळा डबा असतो, ज्यावर दोन एकसारखी पोर्टे असतात. एकावर 'पीओई' (लॅन केबलमधून वीज) आणि दुसऱ्यावर 'लॅन' लिहिलेले असते. स्वस्त डब्यांमध्ये २४ व्होल्ट निळ्या आणि तपकिरी जोडीवर सतत सोडलेले असतात. समोर काय आहे हे विचारून मगच वीज देणारी २००३ च्या मानकाची पद्धत त्यांच्यात नसते. साफसफाईनंतर केबलींची अदलाबदल झाली आणि पीओईचे टोक लॅपटॉपमध्ये गेले तर लॅपटॉपचे पोर्ट जळू शकते.

क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला जॅक दाबून बसवताना, जॅकची कळ खाली आणि केबल आपल्याकडे धरून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दोन्ही टोकांना ठेवावा. १०० मेगाबिटसाठी नारिंगी आणि हिरव्या जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे गिगाबिटची लाइन अचानक १०० वर आली तर निळ्या किंवा तपकिरी जोडीचा जॅक आधी पाहावा. केबल घेताना एक तार चाकूने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि डिशपर्यंत वीज पोहोचेपर्यंत तिच्यात व्होल्टेज पडते.

खडूफळा
शेवटची एक शंका. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे सरकारी इंटरनेट योजनेची, फायबर आलेली आहे. तिथून शाळेपर्यंत लॅन केबल खांबांवरून ओढावी असे सुचवले जात आहे. अंतर शंभर मीटरच्या आसपास आहे.

टॉवरखाली
मॅडम, शंभर मीटर ही लॅन केबलची कमाल मर्यादा आहे आणि त्यात दोन्हीकडच्या खोल्यांमधली केबलही मोजायची असते. पण अंतर कमी असते तरी मी तांब्याची केबल दोन इमारतींमध्ये ओढू दिली नसती. मृगाआधीच्या विजांच्या दिवसांत जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो आणि तो त्या केबलवरून धावून दोन्हीकडची पोर्टे नेतो. त्याऐवजी फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कनव्हर्टर, म्हणजे लॅनचा संकेत प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा संकेतात बदलणारे डबे, बसवावेत. काचेच्या तंतूतून वीज जात नाही. मात्र बाहेर टाकण्याच्या फायबरमध्ये आधारासाठी स्टीलची तार असेल तर ती इमारतीच्या बाहेरच तोडावी.

जोडताना टोकाचा रंग पाहावा. हिरवे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते आणि निळे सरळ. हिरवे निळ्यात बसते, पण मध्ये फट राहून प्रकाश वाया जातो आणि टोकावर ओरखडे उठू शकतात. पंचायतीच्या डब्यात हिरवे दिसेल, मीडिया कनव्हर्टरला बहुतेक निळे लागते. टोकावरची टोपी काढल्यावर बोट लावू नये आणि आत डोळा लावून पाहू नये, कारण तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो.

खडूफळा
आभारी आहे. पंचायतीच्या डब्यातून कनव्हर्टरकडे लॅन केबलच जाणार ना, म्हणजे तिथल्या हिरव्या टोकाला आम्ही हातच लावायचा नाही?

टॉवरखाली
बरोबर. डब्याच्या लॅन पोर्टमधून लहान केबल कनव्हर्टरला, आणि पुढे आपली स्वतंत्र फायबर. दोन्ही कनव्हर्टर एकाच जोडीचे घ्यावेत, कारण एका तंतूवर चालणाऱ्या कनव्हर्टरमध्ये एक ज्या तरंगलांबीवर बोलतो तिच्यावर दुसऱ्याने ऐकावे लागते. दोन्ही 'ए' बाजूचे आले तर दिवे लागतात, पण लाइन जुळत नाही.